वितळूनही न सांडणारे मेण

दिवाळी जरा उशिरा, थंडीत आली की अभ्यंगाच्या आधी खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पंचवीस अंश सेल्सिअसच्या खाली हे तेल हळूहळू थिजते आणि त्याच्या आसपास पुन्हा सुटते. तेल अर्धे घट्ट, अर्धे पातळ असताना बाटलीत तापमापक धरला, तर एक गोष्ट लक्षात येते. बाहेरच्या पाण्याची उष्णता आत जात असते, पण तेल पुरते सुटेपर्यंत तापमापक फारसा हलत नाही. उष्णता गेली, पण दिसली नाही. मग ती गेली कुठे?

हा प्रश्न अठराव्या शतकात ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश अध्यापकाने नीट मांडला. तोवर सर्वसाधारण समजूत अशी होती की, बर्फ एकदा वितळण्याच्या बेताला आला की किंचित उष्णतेने सगळा वितळून जाईल. ब्लॅकचे म्हणणे असे, की तसे असते तर वसंतात डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून दरवर्षी प्रलय झाला असता. १७६०च्या दशकाच्या सुरुवातीस त्याने मोजमाप करून दाखवले की बर्फाचे पाणी होताना प्रचंड उष्णता खर्ची पडते आणि तरीही तापमान शून्यावरच राहते. आजच्या हिशोबाने एक किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. ब्लॅकने तिला 'लेटंट', म्हणजे दडलेली उष्णता म्हटले. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. 'सुप्त उष्णता' हा शब्दही चालतो. मला दुसरा शब्द जवळचा वाटतो. सुप्त म्हणजे झोपलेली, आणि झोपलेले माणूस उठते. पदार्थ पुन्हा गोठताना ही उष्णता जशीच्या तशी परत मिळते.

या विषयाकडे मी विद्यापीठातून आले नाही, धंद्यातून आले. जळगावात बरीच वर्षे मी मेणबत्त्या करण्याचा गृहउद्योग चालवला. बाजारात पॅराफिन मेणाच्या लाद्या मिळतात, त्यांवर ५८-६० असे आकडे असतात. तो त्यांचा द्रवणांक. साच्यात ओतलेले मेण साठीच्या खाली येऊन थबकते आणि बराच वेळ तिथेच रेंगाळते, हे रोज दिसत होते. घाईच्या दिवसांत तेच वैतागाचे कारण होते. पुढे वाचनात आले की जगभरच्या प्रयोगशाळा नेमक्या याच रेंगाळण्याच्या मागे लागल्या आहेत. तेव्हापासून गेली काही वर्षे मी या विषयावरचे निबंध शब्दकोश हाताशी घेऊन वाचते आहे आणि जमेल ते घरी करून पाहते आहे. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवते.

कोठार म्हणून मेण

उष्णता साठवायची तर साधा मार्ग म्हणजे काहीतरी तापवून ठेवणे. आपल्या खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती हेच करतात. दिवसभर ऊन पीत राहतात आणि ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. पण या पद्धतीला वजन फार लागते. एक किलो काँक्रीट दहा अंशांनी तापले तर त्यात सुमारे नऊ किलोज्यूल उष्णता मावते. पाण्यात बेचाळीस. एक किलो पॅराफिन मात्र त्याच दहा अंशांच्या टप्प्यात वितळले, तर सुमारे दोनशे किलोज्यूल पोटात घेते. म्हणजे वीस-बावीस किलो काँक्रीटचे काम एक किलो मेण करते.

दुसरा फायदा त्याहून मोठा. मेण कोणत्या तापमानाला वितळावे हे निवडता येते. पॅराफिन म्हणजे कार्बनच्या सरळ साखळ्या. साखळी जितकी लांब, तितका द्रवणांक वर. सोळा कार्बनची साखळी अठरा अंशांच्या आसपास वितळते, अठराची अठ्ठावीसला, विसाची छत्तीस-सदतीसला. लोण्याच्या आणि खोबरेलाच्या घराण्यातली मेदाम्लेही चालतात: लॉरिक आम्ल चव्वेचाळीस अंशांना, तर आम्ही मेणबत्ती कडक व्हावी म्हणून घालतो ते स्टिअरिक आम्ल एकोणसत्तरच्या आसपास वितळते. अशा पदार्थांना 'अवस्थांतर पदार्थ' म्हणू या.

या गुणाचा उपयोग माणसाच्या जिवाशी किती जवळचा असू शकतो याची दोन उदाहरणे देते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी 'एम्ब्रेस' नावाच्या उबदार पिशवीची कल्पना काढली आणि पुढे भारतात येऊन ती प्रत्यक्षात आणली. तिच्यातली मेणासारख्या पदार्थाची थैली एकदा तापवली की काही तास सदतीस अंशांच्या जवळ राहते. वीज गेली तरी बाळ थंड पडत नाही. दुसरे उदाहरण लसीकरणाचे. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, आणि काही लसी गोठल्या तर निकामी होतात. म्हणून आरोग्यसेविका फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक लगेच पेटीत घालत नाही. तो बाहेर ठेवते, अधूनमधून कानाशी हलवते आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच घालते. बर्फ आणि पाणी एकत्र असले की तापमान शून्याखाली जात नाही, हे ब्लॅकचे शास्त्र ती रोज वापरते.

सांडण्याचा प्रश्न

मग एवढा गुणी पदार्थ घराघरांत का नाही? उत्तर एका शब्दात सांगायचे तर सांडतो म्हणून.

या प्रश्नाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सामोरी गेली ती मारिया टेल्केस. मूळची हंगेरीची, अमेरिकेत स्थायिक झालेली ही शास्त्रज्ञ. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात डोव्हर येथे तिने फक्त सूर्यावर उबदार राहणारे घर उभे केले. आराखडा एलिनॉर रेमंड या वास्तुविशारदेचा आणि पैसा अमीलिया पीबॉडी यांचा. तिघीही स्त्रिया, हे त्या काळात लक्षात राहण्यासारखे. साठवणीसाठी टेल्केसने मेण नव्हे, तर ग्लॉबर क्षार घेतला. हा स्वस्त क्षार बत्तीस अंशांच्या जरा वर वितळतो आणि किलोमागे अडीचशे किलोज्यूलपर्यंत उष्णता घेतो. सुरुवातीचे हिवाळे बरे गेले. पण हा क्षार वितळताना त्याचा काही भाग पाण्यावेगळा होऊन तळाशी बसतो आणि पुन्हा नीट मिसळत नाही. प्रत्येक फेरीला कोठार थोडे थोडे रिते होत गेले. डबे गंजले, गळू लागले. काही वर्षांतच त्या घराला साधी भट्टी बसवावी लागली.

पॅराफिन असे फुटून वेगळे होत नाही, डबा गंजवत नाही आणि हजारो वेळा वितळून गोठले तरी बदलत नाही. पण पातळ झाले की वाट फुटेल तिकडे जाते. भिंतीत, छतात, कापडात किंवा बॅटरीच्या खोक्यात त्याला कायमचे डांबायचे तर प्रत्येक सांधा गळतीमुक्त हवा. शिवाय वितळताना पॅराफिन दहा-पंधरा टक्के फुगते, त्यामुळे घट्ट बंद डबाही ताणला जातो. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. मेणासाठी डबा शोधण्याऐवजी मेणालाच असे काही जडवता येईल का, की ते आतून वितळेल पण बाहेरून आकार सोडणार नाही? इथून 'आकारस्थिर' पदार्थांची गोष्ट सुरू होते, आणि इथेच बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, कामाला येतो.

तीन वाटा

पहिली वाट कवचाची. मेणाचा डोळ्यांना न दिसणारा थेंब घ्यायचा आणि त्याभोवती पॉलिमरचे पातळ कवच चढवायचे. थेंब आत वितळतो, गोठतो. बाहेर नुसती कोरडी भुकटी. अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी १९८०च्या दशकात नासाच्या साहाय्याने या दिशेने काम झाले आणि त्यातून पुढे तापमान सांभाळणारे कापड बाजारात आले. ही वाट उत्तम, पण कवच चढवण्याचा खर्च मोठा.

दुसरी वाट सांगाड्याची, आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. हाय डेन्सिटी पॉलिथिन, म्हणजे पाइप आणि कॅन ज्याचे होतात तो एचडीपीई, रसायनशास्त्राच्या दृष्टीने मेणाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या त्याच साध्या साखळ्या. फरक लांबीचा. मेणाच्या साखळीत वीस-तीस कार्बन, तर एचडीपीईच्या साखळीत हजारो. त्यामुळे मेण साठ अंशांना वितळते आणि एचडीपीई एकशे तीसच्या आसपास. दोन्ही एकत्र दीडशे अंशांपर्यंत तापवले तर एकाच घराण्यातले असल्याने ते एकमेकांत छान मिसळतात. थंड होताना एचडीपीई आधी गोठते आणि त्याच्या साखळ्यांचे जाळे तयार होते. जाळ्याच्या फटींत अजून पातळ असलेले मेण अडकते आणि मागाहून गोठते. आता ही वडी सत्तर अंशांना तापवली तर मेण वितळेल, पण जाळे उभेच राहील. मधाच्या पोळ्यात मेण हे भांडे असते आणि मध हा माल. इथे मेणच माल झालेला आहे.

ते बाहेर का येत नाही? मेणबत्तीच जरा निरखून पाहा. ज्योतीजवळचे वितळलेले मेण वातीतून वर चढते, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. बारीक फटींत द्रवाला धरून ठेवणारी केशाकर्षणाची ही ताकद. वातीत ती मेणाला चढवते, जाळ्यात ती त्याला अडवते.

जपानमधील इनाबा आणि तू यांनी १९९७ मध्ये अशा मिश्रणाचे गुणधर्म मोजून प्रसिद्ध केले, त्यात जवळजवळ तीन भाग पॅराफिन आणि एक भाग एचडीपीई होते. तुर्कस्तानच्या अहमत सारी यांनी २००४ मध्ये दाखवले की पॅराफिनचे प्रमाण ७७ टक्क्यांपर्यंत नेले तरी गळती होत नाही. म्हणजे तीन-चतुर्थांश माल आणि एक-चतुर्थांश भांडे. किलोमागे दोनशे किलोज्यूलपैकी दीडशे हाती राहतात.

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत, त्यामुळे एचडीपीईचा दाणा मला ओळखीतून मूठभर सहज मिळाला. त्याच तीनास एक प्रमाणात मी एक छोटी वडी केली. (मेण उघड्या आचेवर कधीही तापवू नये. मी तेलाच्या भांड्यात डबा बसवून, तापमापक लावून, दाराबाहेर केले.) ती टीपकागदावर ठेवून मे महिन्यात दुपारच्या पत्र्यावर ठेवली. पांढरी वडी हळूहळू दुधी काचेसारखी झाली, म्हणजे आतले मेण वितळले होते. पण तिचे चारही कोपरे शाबूत होते आणि बोटाने दाबली तरी ती बसली नाही. शेजारी ठेवलेल्या नुसत्या मेणाच्या वडीचे तोवर थारोळे झाले होते. पहिल्या चार-पाच दिवसांत टीपकागदावर कडेने पुसट तेलकट डाग उमटला, नंतर तो वाढला नाही. प्रयोगशाळांत हेच गाळणकागद आणि बिनचूक तराजू घेऊन शेकडो फेऱ्यांपर्यंत करतात आणि वजन किती घटले ते पाहतात.

तिसरी वाट बांधून ठेवण्याची. इथे मेणाऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉल घेतात. मलमे आणि औषधांच्या गोळ्यांतही वापरला जाणारा हा पॉलिमर आहे. साखळी लहान असेल तर तो घरच्या तापमानाला पातळ असतो. साखळी मोठी असेल तर साठ अंशांच्या पुढे वितळतो. या साखळीची टोके पॉलियुरेथेनसारख्या कडक रेणूंशी रासायनिक बंधाने जोडून टाकायची. उष्णता मिळाली की मधला भाग मोकळा होतो, स्फटिकाची रचना मोडते, सुप्त उष्णता साठते. पण टोके बांधलेली असल्याने कोणीही जागा सोडून वाहू शकत नाही. म्हणायला हा पदार्थ स्थायूतून स्थायूतच जातो. गळतीचा प्रश्नच मिटतो. मात्र बांधलेल्या साखळ्या मोकळ्या साखळ्यांइतक्या नीटस ओळीत बसत नाहीत, त्यामुळे साठवण लक्षणीय घटते. साखळी फारच आखूड असेल तर ती मुळी गोठतच नाही. बंधन जितके पक्के तितके आतले चैतन्य कमी. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, मोजमापात तसेच दिसते.

पत्र्याखालचा हिशोब

हे सारे वाचताना माझ्या मनात एकच खोली होती: दहा फूट बाय दहा फूट, वर पत्रा, बाहेर बेचाळीस अंश. खानदेश-विदर्भात अशा खोल्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत आणि त्यांत दुपारी म्हातारी माणसे, बाळंतिणी, शिलाई मशीनवर बसलेल्या बायका असतात. या पदार्थाने त्यांचे काही भले होईल का?

हिशोब मांडू. खोलीचे छत सुमारे सव्वानऊ चौरस मीटर. त्याखाली एक सेंटिमीटर जाडीचा आकारस्थिर मेणाचा थर दिला तर त्याचे वजन साधारण चौऱ्याऐंशी किलो होईल. किलोमागे दीडशे किलोज्यूल धरले तर एकूण साठवण बारा हजार सहाशे किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत साडेतीन युनिट. एक टनाचा एसी एका तासात खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढतो, बरोबर तेवढी. ऐकायला बरे वाटते, पण भर दुपारी त्याच छतावर तासाला आठ-नऊ युनिट इतके ऊन पडत असते. त्यातला काही भाग परावर्तित होतो, बराच वाऱ्यात जातो, तरी उरलेला दिवसभर आत येतच राहतो. उघड्या पत्र्याखाली कोठार दुपारीच भरून जाईल आणि पुढे त्याचा उपयोग शून्य. म्हणून पहिला मान पांढऱ्या चुन्याचा, दुसरा उष्णतारोधक थराचा, आणि या दोघांनी कमी केलेली उष्णता झेलायला तिसरे हे मेण. हा क्रम उलटा करणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे.

याहून मोठी अट रात्रीची आहे. दिवसा वितळलेले मेण रात्री गोठले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या सकाळी कोठार भरलेलेच. पुण्यात एप्रिलमध्ये दिवसा अडतीस अंश झाले तरी रात्र वीस-बावीसवर उतरते. तिथे सव्वीस-अठ्ठावीस अंशांना वितळणारे मेण आरामात काम करेल. मुंबईत मे महिन्यात दिवस तेहेतीस-चौतीस, पण रात्रही सत्तावीस. तेच मेण तिथे आठवडाभर पातळच राहील. जळगावात रात्री सव्वीस-सत्तावीस, आणि दिवसभर तापलेल्या वस्तीत त्याहून जास्त. इथे द्रवणांक बत्तीसच्या आसपास हवा आणि रात्री वारा खेळता हवा. मोकळ्या आकाशाखाली पत्रा रात्री हवेपेक्षाही थंड होतो, त्याचाही लाभ घेता येईल. थोडक्यात, एकाच राज्यात तीन शहरांना तीन वेगळी मेणे लागतात. परदेशी प्रयोगशाळेतले यश जसेच्या तसे उचलून इथे लावता येत नाही.

बीजिंगच्या छिंग्वा विद्यापीठातील संशोधकांनी आकारस्थिर मेणाच्या लाद्या खोलीच्या जमिनीखाली बसवल्या आणि रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापवून दिवसभर ऊब मिळवली. तिथल्या हिवाळ्याला ते शोभते. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सैद अल-हल्लाज आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास लिथियम बॅटरीभोवती मेण भरून तिचे तापमान ताब्यात ठेवण्याची कल्पना मांडली. आपल्या रस्त्यांवर विजेच्या दुचाक्या वाढत असताना, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, आपल्याला आधी उपयोग या दुसऱ्या कल्पनेचा होईल असे मला वाटते. तिथे मेण किलो-दोन किलो लागते, चौऱ्याऐंशी किलो नाही.

दोन अडचणी लपवता येणार नाहीत. मेण उष्णतेचा वाहक म्हणून फार मंद आहे, काँक्रीटच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाही जेमतेम. कोठार मोठे, पण दार अरुंद. फुगवलेले ग्राफाइट मिसळून ते दार रुंद करता येते, मात्र तेवढी मालाची जागा जाते. आणि मेण पेटते. पॉलिथिनही पेटते. मेणबत्त्या विकून पोट भरलेल्या बाईने ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगू द्यायची नाही. आगीला दबवणारी द्रव्ये मिसळतात, वर जिप्समचा थर देतात. त्यांशिवाय हा पदार्थ कोणाच्याही डोक्यावर बसवू नये, पत्र्याच्या खोलीत तर नाहीच, जिथे आतच चूल असते आणि दार एकच असते.

तरीही या दिशेचे काम मला आशेचे वाटते. याचे कारण यात हलणारा एकही भाग नाही. पंखा, पंप, वायर, बिल, काही नाही. दिवसाची आग रात्रीच्या हवाली करायची, एवढेच. धाब्याच्या घरांनी मातीच्या वजनावर हे केले; ते वजन आणि ती जागा आता गरिबाच्या वाट्याला उरलेली नाही. कमी वजनात तेच काम करणारे काही मिळाले, तर ते आधी ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याला मिळायला हवे. त्यासाठी लागणारी सामग्री परकी नाही: एचडीपीईचा दाणा आपल्या कारखान्यांत आहे, पॅराफिन बाजारात आहे, आणि मेदाम्ले तर कोकणातल्या नारळातही आहेत. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनांनी आपापल्या गावच्या रात्रीचे तापमान नोंदवावे, त्याला जुळणारे मेण बसवावे, दोन उन्हाळे मोजावे आणि निकाल मराठीत छापावेत. एवढे झाले तर पुढचा लेख माझ्यासारखीने नव्हे, तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीने लिहावा.